दादासाहेब फाळके

नाशिकजवळचे त्र्यंबकेश्वर हे गोदावरीच्या उगमाचे क्षेत्र. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित होते. घराणे शास्त्र्यांचे, तेव्हा धुंडिराजानेही पोथीपुराणांची वाट धरावी, अशी कोणाचीही अपेक्षा असती. परंतु या मुलाचे मन रमे ते रंगांत, मातीच्या मूर्तींत आणि जादूच्या खेळांत. पुढे दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली व सारे कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांच्या आवडीला त्यामुळे वाव मिळाला. १८८५ साली ते सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले.

कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे नामांकित जाणकार. विद्यार्थ्याच्या अंगचा गुण ओळखून त्याला मोकळीक देणारे हे गुरू धुंडिराजांना लाभले. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरेखन, छायाचित्रण असे नाना विषय त्यांनी तेथे हाताळले. छायाचित्रणाने तर त्यांना वेडच लावले. हाताने काढलेल्या चित्रात चित्रकाराला जेवढे दिसले तेवढेच उतरते. छायाचित्रात मात्र झाडाचे पान न् पान, विटेची भेग न् भेग आपोआप उमटते. हा सूक्ष्मपणा कोठून येतो आणि तो कशाने बिघडतो, या प्रश्नाने त्यांची पाठ पुढे जन्मभर सोडली नाही.

शिक्षणानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. तेवढ्यात गुजरातेत प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. संसार उद्ध्वस्त झाला. ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा छायाचित्रांचे दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक फिरकेना. काही दिवस त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढच्या कथेत या बाईंचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्याविषयी लिहिताना लोक बहुधा दोन ओळींत आटोपते घेतात, ते बरे नव्हे.

१९०३ साली फाळक्यांना पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछाप प्रती त्या काळी घरोघर पोचत होत्या. त्यांच्या छापखान्यासाठीही फाळक्यांनी काम केले. नंतर हा कारखाना मुंबईस दादरला आला. फाळक्यांचे खरे कौशल्य होते ठसे करण्यात, म्हणजे छायाचित्रावरून छपाईचे ब्लॉक तयार करण्यात.

हे काम समजून घेण्याजोगे आहे. छापखान्याची शाई काळी असते, करडी नसते. मग छायाचित्रातील फिकट, मध्यम व गडद छटा कागदावर उमटवायच्या कशा? त्यासाठी छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करतात. जेथे गडद तेथे ठिपके मोठे, जेथे फिकट तेथे लहान. दुरून पाहिले की ठिपके एकमेकांत मिसळून जातात आणि डोळ्याला छटा दिसते. एखाद्या जुन्या मासिकातील चित्रावर भिंग धरून पाहा, हे ठिपके स्पष्ट दिसतील. आता एका इंचात अशा ठिपक्यांच्या ६० ओळी असतील, तर एका चौरस इंचात ३,६०० ठिपके मावतात. ओळी १५० असतील, तर २२,५०० मावतात. पहिल्या चित्रात माणसाचा चेहरा ओळखू येईल, दुसऱ्यात त्याच्या मिशीचे केसही दिसतील. अर्थात जाडाभरडा कागद असेल, तर बारीक ठिपक्यांचा काही उपयोग नाही. शाई पसरते आणि ठिपके एकमेकांत मिसळून चित्र काळवंडते. ठिपके किती बारीक, हा एक प्रश्न. ते नीट उमटतात की नाही, हा दुसरा. फाळके दोन्ही प्रश्न जाणत होते. रंगीत छपाईत तर निरनिराळ्या रंगांचे ठसे एकावर एक छापायचे असतात. त्यातला एक जरी केसभर सरकला, तरी चित्रातील ओठ गालावर जातात. या विद्येत अधिक पारंगत व्हावे आणि नवी यंत्रे आणावीत, म्हणून १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले.

कारखान्याची कीर्ती झाली, पण भागीदारांशी त्यांचे पटेना. अखेर आपणच उभारलेल्या धंद्यातून ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी बायकामुले आणि हाती उद्योग नाही. अशा स्थितीत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला.

पडद्यावर चित्रे दाखविणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने व भिंगाच्या साह्याने ते पडद्यावर मोठी करून दाखवीत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रेही दाखविली गेली होती. तेव्हापासून विदेशी चित्रपट येथे येतच होते. परंतु हजारो प्रेक्षकांनी जे केवळ नवलाने पाहिले, ते फाळक्यांनी कारागिराच्या नजरेने पाहिले. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देशातील कथा, आपल्या माणसांनी, आपल्याच हातांनी पडद्यावर का आणू नयेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा त्याच खेळास गेले. नंतर रोज जाऊ लागले. इतरांचे डोळे पडद्याकडे असत, फाळक्यांचे अर्धे लक्ष मागच्या यंत्राकडे असे. त्यांनी फिल्मचे काही तुकडे व एक लहानसे यंत्र मिळविले. रात्री घरात मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाठवून ते भिंतीवर चित्र पाडीत. मेणबत्तीच्या उजेडात पाडलेले ते चित्र कितीसे उजळ असणार? पण शिकणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. भिंग पुढे सरकविले की चित्र धूसर, मागे घेतले की एकाएकी रेखीव. भिंतीपासून यंत्र दुप्पट अंतरावर नेले, तर चित्राची लांबी-रुंदी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होते. तोच उजेड चौपट जागेवर पसरल्यामुळे चित्र चौथ्या हिश्शाइतके मंद होते. मोठे चित्र हवे, तर मोठा उजेड हवा. चित्रपटगृहांत म्हणूनच दोन कोळकांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवीत.

या ध्यासाची जबर किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणे, रात्रीची जागरणे, मंद उजेडातील प्रयोग आणि जोडीला संसाराची चिंता. त्यांची दृष्टी मंदावत गेली व काही काळ तर डोळ्यांपुढे अंधार झाला. चित्रकार, छायाचित्रकार आणि ठसे करणारा कारागीर, अशा माणसाचे डोळे जाणे म्हणजे सर्वस्व जाणे होय. सुदैवाने मुंबईतील एका निष्णात डॉक्टरांच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांनी त्यांना पुन्हा दिसू लागले. दुसरा एखादा असता, तर त्याने चित्रपटाचे नाव टाकले असते. फाळक्यांनी चष्मा लावला आणि तीच पुस्तके पुन्हा उघडली.

आता यंत्रे हवी होती आणि त्यांचे शिक्षणही हवे होते. विम्याची कागदपत्रे तारण ठेवून त्यांनी एका स्नेह्याकडून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादक भला गृहस्थ होता. हिंदुस्थानात या धंद्यात यश येणे कठीण, असे त्याने आधी सांगून पाहिले. पण या पाहुण्याचा निर्धार पाहून त्याने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध चित्रपटकाराशी घालून दिली. हेपवर्थने आपला कारखाना त्यांना मोकळेपणाने दाखविला. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, एवढे साहित्य मिळवून एप्रिलच्या आरंभी फाळके मुंबईस परतले.

भोके पाडण्याचे यंत्र कशाला, असे तुम्हांस वाटेल. चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना चौकोनी भोके असतात आणि यंत्रातील दाते त्या भोकांत अडकून फीत पुढे ओढतात. मूकपटाच्या फितीवरील एक चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ टपालाच्या तिकिटाएवढे. ते क्षणभर भिंगासमोर स्थिर राहते, मग उजेड झाकला जातो, फीत एका चित्राइतकी सरकते आणि झाकण उघडून पुढचे चित्र दिसते. सेकंदात सुमारे सोळा वेळा हा प्रकार घडतो. प्रत्येक चित्र सुटे आणि स्थिर असते. ती भराभर समोर आल्यामुळे आपले डोळे व मेंदू त्यांतून हालचाल निर्माण करतात.

आता थोडा हिशोब करू. ते २४ मिलिमीटरचे चित्र ६ मीटर रुंदीच्या पडद्यावर पाडले, तर ते २५० पट रुंद झाले. भोक पाडताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी चूक झाली, तर पडद्यावर ती २५० पट, म्हणजे २५ मिलिमीटर होईल. राजा सिंहासनावर स्वस्थ बसलेला असायचा, पण सिंहासनासह तो सारखा इंचभर थरथरत राहील! फितीवरचा धुळीचा कण पडद्यावर वाटाण्यासारखा दिसेल, ओरखडा दोरीसारखा दिसेल. पडद्यावरील चित्राची गुणवत्ता प्रथम फितीवर ठरते. प्रक्षेपकाला नसलेला बारकावा निर्माण करता येत नाही, त्याला असलेला बारकावा राखता येतो किंवा घालविता येतो.

तुमच्या शाळेतील विजेरी प्रक्षेपकात फीत नसते. त्याचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनते आणि आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतील, तर एकूण ठिपके २०,७३,६०० होतात. ठशाच्या ठिपक्यांचीच ही पुढची पिढी. तेथेही भिंग नीट जुळलेले नसेल किंवा खिडकीतून ऊन पडद्यावर पडत असेल, तर वीस लाख ठिपके असूनही फळ्यावरचे अक्षर वाचणे बरे वाटते.

लंडनहून आणलेल्या कच्च्या फिल्मला भोके घरीच पाडावी लागत आणि हे काम अंधारात करावे लागे, कारण उजेडाचा एक किरण पडला तरी फिल्म वाया जाई. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. दिवसभर घरकाम आणि मुलांचे करावे, रात्री अंधाऱ्या खोलीत बसून हाताच्या स्पर्शाने फीत यंत्रात सरकवावी व भोके पाडावीत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. एका चित्राच्या दोन्ही बाजूंस चार-चार भोके आणि एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे फुटाला १२८ भोके. पहिला मोठा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. गुणाकार तुम्हीच करा.

परंतु मोठ्या चित्रपटाला भांडवल हवे आणि ते देणाऱ्याला काहीतरी दाखवायला हवे. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे टिपीत राहिले. कॅमेरा इतक्या दिवसांत तसूभर हलून चालणार नव्हते. पडद्यावर ते चित्र दाखविले, तेव्हा बीजातून अंकुर फुटून रोप मिनिटभरात वर येताना लोकांनी पाहिले. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लहानशा चित्रपटाचे नाव. ते पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचे काम दादरच्या बंगल्यात सुरू झाले. नट मिळेनात. स्त्रीची भूमिका करावयास तर त्या काळी कोणतीही स्त्री तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी तारामती केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालविण्यास त्यांनी त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकविले. विजेचे दिवे नव्हते. सूर्य हाच दिवा. ऊन डोक्यावर आले की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत, तेव्हा सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर वळवीत, असे सांगतात. एवढे करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. दिवसा चित्रण आणि रात्री फिल्म धुणे. धुण्याच्या रसायनाची उष्णता थोडी वाढली, वेळ थोडा चुकला, तर चित्र एकतर काळेकुट्ट किंवा पुसट होई आणि दिवसभराचे श्रम पाण्यात जात. ठशांच्या कामात मुरलेली फाळक्यांची नजर येथे उपयोगी पडली.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी प्रदर्शित झाला. हिंदुस्थानी माणसाने निर्मिलेला पूर्ण लांबीचा पहिला कथाचित्रपट म्हणून तो ओळखला जातो. प्रेक्षकांनी गर्दी केली.

सर्वत्रच असे स्वागत झाले नाही. सुरतेस पहिल्या दिवशी फक्त तीन रुपये जमले. तेथील लोकांना तेवढ्याच पैशांत पाच-सहा तासांचे नाटक पाहायची सवय. फाळक्यांनी मग जाहिरातच बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. उत्पन्न वाढले. गणिताच्या दृष्टीने ही जाहिरात मोठी गमतीची आहे. फुटाला सोळा या हिशोबाने ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रे होतात, तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा जवळजवळ बरोबर आहे. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! जादूगार केळफा तेथे थोडा डोकावला, एवढेच म्हणावे.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. १९१४ साली आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले व तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची वाखाणणी केली. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म महागली, कर्ज देणारे मागे सरले. १९१७ साली आलेल्या ‘लंकादहन’ने मात्र दिवस पालटले. त्यात साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत होते. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. यांतील चमत्काराची दृश्ये एकाच फितीवर दोनदा चित्रण करून साधली जात. दोन्ही चित्रणे तंतोतंत जुळावी लागत, नाहीतर चमत्कार फसे. रंगीत ठसे एकावर एक बसविण्याचीच ही कसोटी होती.

१९१८ साली भांडवलदारांच्या साह्याने हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पण पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले. दादासाहेबांना खर्च आखडता घ्यायला सांगितलेले खपत नसे आणि बिघडलेले दृश्य तसेच ठेवणेही खपत नसे. पैसे घालणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी होती. काही काळ ते सारे सोडून काशीस जाऊन राहिले, पुन्हा परतले, पुन्हा चित्रपट काढू लागले. इतक्यात बोलपटांचा जमाना आला. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट १९३२ साली पुरा झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ साली आला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट होय.

नंतरची वर्षे त्यांनी नाशिकमध्ये काढली. पैसा राहिला नव्हता, प्रकृती खालावली होती आणि नव्या चित्रसृष्टीला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान म्हणून तो दिला जातो.

त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडा भाग आज शिल्लक आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत कुजून जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली, ती १९१३ सालची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तीवर ओरखडे आहेत, कोठे कोठे चित्र डळमळते. तरीही राजवाड्याच्या पडद्यावरील वेलबुट्टी आणि रोहिदासाने उचललेल्या धनुष्याची दोरी तीत अजून दिसते.